आधुनिक जगाचा वारा न लागलेली कला? : मराठी मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनाचे परिपत्रक गेल्या आठवड्यात हाती आले. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना यंदा शाल-श्रीफळाबरोबर ‘एस्किमोंचा दगडी माणूस’ सन्मानचिन्ह म्हणून द्यायचा आणि सभागृहाच्या प्रवेशदालनात उत्तरेकडील कलेचे एक छोटे प्रदर्शन मांडायचे, असे त्यात म्हटले आहे. कल्पना मला मनापासून आवडली. ज्या कॅनडात आपण घरे केली, मुले वाढवली, त्या देशाच्या मूळ रहिवाशांविषयी आपल्या व्यासपीठावरून काही बोलले जावे, असे मी बरीच वर्षे म्हणत आले आहे. परंतु त्याच परिपत्रकात पुढे ‘आधुनिक जगाचा वारा न लागलेली, हजारो वर्षे जशीच्या तशी टिकलेली आदिम कला’ असे वर्णन आहे. शिवाय सभासदांनी घरून आणून दिलेल्या छापचित्रांतून आणि प्रतिकृतींतून निवड करताना, ज्यांत टीव्ही, स्नोमोबाइल (बर्फावर धावणारी गाडी) किंवा विमान दिसते ती चित्रे ‘अस्सल वाटत नाहीत’ म्हणून उपसमितीने बाजूला काढली, असे समितीतल्याच एका स्नेह्याकडून कळले. त्या वर्णनाबद्दल आणि त्या निवडीबद्दल हे पत्र आहे. ते खासगीत न पाठवता उघडपणे लिहिते आहे, कारण हा समज एकट्या समितीचा नाही. आपण सगळ्यांनीच तो विमानतळावरच्या दुकानांतून घरी आणलेला आहे.

माझ्याही घरात तो बरीच वर्षे होता. दिवाणखान्यातल्या फडताळात माझा एक वॉलरस, म्हणजे उत्तरेच्या समुद्रातल्या सुळेवाल्या प्राण्याची मूर्ती, बसलेला आहे. वीतभर लांबीचा, गडद हिरव्या दगडाचा, मधूनच काळ्या शिरा असलेला. येणारा प्रत्येक जण त्याच्या पाठीवरून हात फिरवतो, कारण ती पाठ पाण्यातून नुकती वर आल्यासारखी गुळगुळीत आहे. त्याला सगळे ‘सोपस्टोन’ म्हणतात, मीही म्हणत असे. वास्तविक तो सर्पेंटाइन आहे, सोपस्टोनपेक्षा बराच कठीण, आणि तो घडवायला आज बहुतेक जण विजेवर चालणारा ग्राइंडर वापरतात. मूर्ती उपडी केली की पोटाखाली पॉलिश संपते आणि कानशीचे बारीक, आडवेतिडवे ओरखडे दिसतात. त्या ओरखड्यांवर कोरलेली त्रिकोणांची आणि आकड्यांसारखी वळणारी चार-पाच चिन्हे मी कितीतरी वर्षे नक्षी समजत होते. एकदा एका जाणकार बाईंनी मूर्ती हातात घेतली, उलटी केली आणि ती नक्षी सरळ वाचून दाखवली. ते घडवणाऱ्याचे नाव होते.

ती चिन्हे इनुइटांच्या, म्हणजे परिपत्रकात ज्यांना ‘एस्किमो’ म्हटले आहे त्या लोकांच्या, इनुक्टिटुट भाषेच्या अक्षरलिपीची आहेत. ही लिपी मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात प्रथम क्री या कॅनडातल्या दुसऱ्या मूळ रहिवाशांच्या भाषेसाठी तयार केली आणि नंतर ती इनुक्टिटुटसाठी वळवून घेतली. तिच्या घडणीत देवनागरीचाही हात असल्याचे काही अभ्यासक मानतात. ते वाचल्यावर माझा वॉलरस मला थोडा नात्यातला वाटू लागला, हे कबूल करते. मुद्दा एवढाच की ‘हजारो वर्षांच्या’ मूर्तीच्या पोटाखाली सही आहे, ती एकोणिसाव्या शतकातल्या लिपीत आहे, दगड ग्राइंडरने घडवलेला आहे आणि मूर्तीला इग्लूचे चित्र असलेला एक छोटा कागदी बिल्ला दोऱ्याने बांधलेला आहे. हा बिल्ला कॅनडा सरकारने १९५८ मध्ये सुरू केला, कारण तोवर कारखान्यात ओतलेल्या नकली मूर्ती दुकानांत येऊ लागल्या होत्या. २०१७ मध्ये त्याचा कारभार इनुइट आर्ट फाउंडेशनकडे गेला. ज्या कलेला नकलांपासून वाचवण्यासाठी प्रमाणचिन्ह काढावे लागते, तिला जगाचा वारा लागला नव्हता असे कसे म्हणावे?

ही कला आज आपण ज्या रूपात ओळखतो, त्या रूपात तिचा जन्म साधारण १९४९ चा आहे. हस्तिदंतासारख्या वॉलरसच्या सुळ्यात कोरलेल्या लहान आकृत्या त्याआधीही हजारो वर्षे होत आल्या होत्या, हे खरेच आहे. उत्तरेतल्या प्राचीन डॉर्सेट संस्कृतीतले नखाएवढे अस्वल पाहिले की आजही मान लवते. परंतु एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीसाठी आलेल्या खलाशांना विकण्यासाठी त्याच सुळ्यांचे क्रिबेज या पत्त्यांच्या खेळाचे पट होऊ लागले होते, म्हणजे गिऱ्हाईक तेव्हापासूनच दारात उभे होते. विसाव्या शतकाच्या मध्याला कोल्ह्याच्या कातड्याचे भाव कोसळले, आणि ज्या व्यवहारावर बंदूक, काडतुसे, चहा, पीठ हे सारे येत होते तो व्यवहारच बसला. अशा वेळी, १९४८ मध्ये, जेम्स ह्यूस्टन नावाचा एक तरुण चित्रकार हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरील इनुकजुआक येथे पोहोचला. त्याने आणलेल्या लहान दगडी मूर्ती पाहून माँट्रियलच्या हस्तकला संघाने त्याला आणखी मूर्ती घ्यायला पाठवले, आणि १९४९ च्या नोव्हेंबरात तिथे भरलेल्या विक्रीत सगळा माल तीन दिवसांत संपला. १९५१ मध्ये तर काय केले तर खपेल हे चित्रांनिशी दाखवणारी एक पुस्तिकाच उत्तरेत वाटली गेली. मूर्ती मोठ्या झाल्या, गुळगुळीत झाल्या, बसवायला सपाट बूड असलेल्या झाल्या; पूर्वी आकृती तळहातात फिरवायची असे, आता ती शेल्फवर ठेवायची होती.

छापचित्रांची गोष्ट तर त्याहून मौजेची आहे, आणि ती ह्यूस्टन यांनीच पुढे सांगितलेली आहे. बॅफिन बेटावरील केप डॉर्सेट या गावी, ज्याचे नाव आता किंगाइट आहे, १९५७ च्या हिवाळ्यात ओसुइटोक इपीली हे मोठे मूर्तिकार दोन सिगारेटची पाकिटे शेजारी धरून निरखत बसले होते. दोन्हींवर खलाशाचे अगदी एकसारखे तोंड होते. प्रत्येक पाकिटावर बसून तेच तोंड पुन्हा पुन्हा रंगवायचे म्हणजे माणसाला किती कंटाळा येत असेल, असे ते म्हणाले. छपाई म्हणजे काय हे शब्दांत सांगता येईना, तेव्हा ह्यूस्टन यांनी ओसुइटोक यांनीच कोरलेला एक सुळा घेतला, त्यावर शाई फासली, वरची पुसली आणि शौचालयातला पातळ कागद त्यावर दाबून उचलला. कोरलेली आकृती कागदावर उमटली. ‘हे आपल्याला जमेल,’ असे ओसुइटोक म्हणाले, आणि त्या वाक्यापासून किंगाइटचा छापखाना सुरू झाला. पुढे ह्यूस्टन जपानला जाऊन उनइची हिरात्सुका यांच्याकडे लाकडी ठशांची छपाई शिकून आले. १९५९ मध्ये पहिला वार्षिक संच सूचीसह प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी गावकऱ्यांची सहकारी संस्था नोंदली गेली. साखर कारखान्यापासून दूध संघापर्यंत सहकाराची सगळी रूपे ज्यांनी पाहिली आहेत, त्या आपल्या मंडळींना या संस्थेचे वेगळेपण सांगायला नको: हीच संस्था गावात वाणसामानाचे दुकान चालवते आणि हीच जगातल्या कलादालनांना चित्रे पाठवते.

त्या छापखान्याची रीतही पाहण्यासारखी आहे. चित्रकार कागदावर चित्र काढून संस्थेला विकतो. त्यातले निवडलेले चित्र दुसरा कारागीर सपाट केलेल्या दगडावर उतरवतो आणि जे छापायचे नाही तेवढा भाग खोदून काढतो. तिसरा रुळाने शाई लावतो, जपानी कागद अलगद टाकतो आणि हाताने घासून ठसा घेतो. एका दगडावरून सहसा पन्नास प्रती निघतात, त्यानंतर ठसा निकामी केला जातो. प्रत्येक प्रतीवर चित्रकाराचे, दगड कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे चिन्ह असते. हे सगळे अशा गावात चालते जिथे रस्त्याने जाताच येत नाही. किंगाइट ज्यात आहे त्या नुनावुट प्रदेशातले कोणतेच गाव दुसऱ्या गावाशी रस्त्याने जोडलेले नाही. कागद, शाई, पीठ, दूध विमानाने किंवा उन्हाळ्यातल्या जहाजाने येते आणि चित्रे विमानानेच बाहेर जातात. आपल्या उपसमितीने ज्या चित्रात विमान आहे म्हणून ते नाकारले, ते चित्र विमानातून आले आहे.

आता त्या नाकारलेल्या विमानाबद्दल. पुडलो पुडलाट (१९१६–१९९२) हे किंगाइटचे चित्रकार आधी शिकारी होते. हात दुखावल्यावर गावात येऊन त्यांनी चित्रे काढायला सुरुवात केली. त्यांच्या कागदावर कस्तुरी बैल आणि विमान शेजारी शेजारी उभे असतात, आणि दोघांनाही ते सारख्याच गांभीर्याने रेखाटतात, कारण त्यांनी दोन्ही पाहिलेले होते. १९८६ च्या ‘लादलेले स्थलांतर’ या शिलाछापात यंत्राला दोरांनी लटकावलेले प्राणी हवेतून नेले जात आहेत. पहिल्यांदा पाहताना हसू येते, दुसऱ्यांदा येत नाही. १९५३ मध्ये इनुकजुआकच्या कुटुंबांना सरकारने बोटीत घालून सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्रीस फिओर्ड येथे नेऊन सोडले होते आणि त्याबद्दल सरकारने माफी मागितली ती २०१० मध्ये. क्षयाच्या साथीत तर १९५६ च्या सुमारास दर सात इनुइटांपैकी एक जण दक्षिणेतल्या कुठल्या तरी रुग्णालयात होता. हॅमिल्टनच्या डोंगरावरील क्षयरुग्णालयात बाराशेहून अधिक जणांवर उपचार झाले, आणि खाटेवर बसून त्यांच्यापैकी अनेकांनी दगड कोरले. आपल्यातली कितीतरी कुटुंबे आज त्याच हॅमिल्टनमध्ये राहतात. त्या डोंगरावरून आपण रोज कामाला जातो. पुडलोंच्या या चित्रात दक्षिणेकडचे यंत्र आहे म्हणून ते कमी इनुइट ठरत नाही. ज्यांना यंत्रात बसवून नेण्यात आले, त्यांचीच ती साक्ष आहे. १९९० मध्ये ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनाने पुडलोंच्या तीस वर्षांच्या कामाचे प्रदर्शन भरवले. एका इनुइट चित्रकाराचे एकट्याचे असे सिंहावलोकन तिथे पहिल्यांदाच होत होते.

ओविलू टुनिली (१९४९–२०१४) यांनी हाच अनुभव दगडात आणला. लहानपणी क्षयासाठी त्यांना घरापासून तोडून दक्षिणेत नेले होते. १९९१–९२ मधल्या एका शिल्पात त्यांनी ते दिवस कोरले, आणि त्याचे नाव आहे ‘याने माझ्या आयुष्याला स्पर्श केला’. एवढ्या साध्या वाक्यात एवढी गोष्ट सांगून मोकळे व्हायचे, ही तिकडची रीत मला फार भावते. त्याच ओविलूंनी फुटबॉलपटूही कोरला आणि उंच टाचांच्या चपला घातलेली बाईही. खरेदीदारांना अस्वल हवे होते, हे त्यांना माहीत नव्हते असे थोडेच आहे.

इथे मला कार्यकारिणीपुढे एक गोष्ट स्पष्टपणे मांडायची आहे. इनुइट कलेत आधुनिक जग कमी दिसत असेल, तर ते गिऱ्हाइकाला नको होते म्हणून. माँट्रियल, टोरोंटो आणि न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांना बर्फ, अस्वल, शामान (भगत) आणि आई-मूल हवे होते, आणि घर चालवायचे असल्यामुळे तेच पुष्कळ घडवले गेले. त्यात कमीपणा काहीच नाही. मागणीप्रमाणे करूनही केनोजुआक आशेवाक (१९२७–२०१३) यांनी १९६० मध्ये ‘मंतरलेले घुबड’ निर्माण केले, ज्याची पिसे सूर्यकिरणांसारखी कागदभर पसरतात, आणि १९७० मध्ये ते घुबड टपाल तिकिटावर गेले. तेच चित्र मुळात चोवीस डॉलरना विकले गेले होते. २०१८ च्या लिलावात त्याची एक प्रत दोन लाख डॉलरच्या पुढे गेली, आणि अशा पुनर्विक्रीतून कलाकाराच्या घरी काही जावे अशी कायद्याची सोय तेव्हाही कॅनडात नव्हती. मग ज्यांच्याकडून आपण ‘न बदललेले’ चित्र मागून घेतले, त्यांच्याविषयी ‘हे लोक बदललेच नाहीत’ असे छापणे म्हणजे आधी पोशाख शिवून द्यायचा आणि मग त्याचेच कौतुक करायचे.

किंगाइटच्याच चित्रकार अॅनी पूटूगूक (१९६९–२०१६) यांनी तो पोशाख उतरवून ठेवला. त्यांच्या घराण्याकडे पाहिले तर या कलेचा आधुनिक जगाशी असलेला संबंध एका कुटुंबात पाहायला मिळतो. आजी पिट्सिओलाक आशूना यांनी विधवा झाल्यावर, हाती मुले असताना, आधी शिवणकाम आणि मग चित्रे करून घर चालवले. त्यांनी तंबू, कुत्र्यांच्या गाड्या, पक्ष्यांची शिकार असे आपल्या तरुणपणीचे दिवस हजारो कागदांवर उतरवले. आई नापाची यांनी उतारवयात बायकांच्या वाट्याला आलेली मारझोड आणि सक्तीची लग्ने काढली. नातीने वर्तमान काढले. काळ्या शाईची बारीक रेघ, आत रंगीत पेन्सिलीचा सपाट भराव, भिंतीवर घड्याळ, विजेचे बटण, कोपऱ्यात कोलमन कंपनीचा स्टोव्ह. जमिनीवर पुठ्ठा पसरून घरची माणसे सीलचे मांस खात बसली आहेत, आणि त्याच खोलीत टीव्ही आहे. २००५ च्या ‘केप डॉर्सेटचे शीतकपाट’ या मोठ्या चित्रात गावच्या दुकानातला गोठवलेल्या पदार्थांचा फ्रीझर आहे. ज्या गावात बाहेरचे सगळेच गोठलेले असते, तिथे गोठवलेले अन्न काचेमागे दिवे लावून विकले जाते, हा विनोद चित्र बोलून दाखवत नाही. तो पाहणाऱ्याने करायचा. दुसऱ्या एका चित्रात पुरुष बायकोला मारतो आहे, आणि तेही त्याच शांत, स्वच्छ रेघेत. आणि २००६ चे एक चित्र आहे ज्यात फक्त आजीचा चष्मा आहे, जाड काळ्या चौकटीचा. माझ्या मते या सगळ्या कलेवरचे ते सर्वांत नेमके भाष्य आहे, पण ते पाहून प्रत्येकाने आपापले ठरवावे.

अॅनींना २००६ मध्ये सोबी हा कॅनडातला मोठा कलापुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी जर्मनीतल्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. किंगाइटच्या बाहेर मात्र त्यांचे आयुष्य फार कठीण गेले, आणि २०१६ च्या सप्टेंबरात ओटावातल्या रिडो नदीत त्यांचा मृतदेह सापडला. त्या मृत्यूचे दुःख इथे शोभेसाठी वापरण्याची माझी इच्छा नाही. पण उपसमितीने ‘अस्सल वाटत नाही’ म्हणून बाजूला ठेवलेल्या चित्रांपैकी एक त्यांच्याच टीव्ही असलेल्या चित्राची प्रतिकृती होती असे मला कळले, आणि खरे सांगायचे तर हे पत्र त्या दिवशीच लिहायला घेतले.

टीव्हीबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. इग्लूलिक या गावाने १९७५ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये मतदान घेऊन उपग्रहावरचा टीव्ही नाकारला, कारण त्यात त्यांच्या भाषेतले काहीच नव्हते. त्याच गावातले झकरायस कुनुक त्या काळात दगड कोरत होते. १९८१ मध्ये ते आपल्या मूर्ती घेऊन माँट्रियलला गेले, त्या विकल्या आणि आलेल्या पैशातून व्हिडिओ कॅमेरा घेऊन परतले. पुढे त्यांनी संपूर्ण इनुक्टिटुट भाषेत केलेल्या ‘अतानार्जुआत’ या चित्रपटाला २००१ मध्ये कान महोत्सवात पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा दोर सन्मान मिळाला. म्हणजे ज्या मूर्तीला आपण आधुनिकतेपासून अलिप्त समजतो, तिनेच कॅमेऱ्याचे पैसे भरले. आणि कॅमेऱ्याने काय टिपले, तर आजोबा-पणजोबांच्या तोंडची दंतकथा. किंगाइटचे पीटर पिट्सिओलाक तर १९४० च्या दशकातच स्वतः छायाचित्रे काढत होते. विजेरीवर लाल फडके गुंडाळून ते आणि त्यांच्या पत्नी आगेओक इग्लूमध्ये फिल्म धूत असत. त्यांचे नातू जमासी आज दगडातून गिटारी आणि मोटारसायकली घडवतात. शुविनाई आशूना, अॅनींची मामेबहीण, पृथ्वीचे गोल हातात धरलेले, अष्टपाद प्राण्यांशी गळामिठी घातलेले लोक काढतात. २०२२ च्या व्हेनिसमधल्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात परीक्षकांनी त्यांचा खास उल्लेख केला.

हा सगळा घोळ आपल्याला परका असायला नको होता. ठाणे आणि पालघरमधल्या वारली पाड्यांवर सवाष्णी लग्नाचा चौक भिंतीवर काढत असत, तो तांदळाच्या पिठात आणि लग्नापुरता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी तिथे गेले, चित्रे भिंतीवरून कागदावर आली, विकली जाऊ लागली, आणि जिव्या सोमा म्हशे यांचे नाव जगभर झाले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत आगगाडी आली तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी नाक मुरडले, आणि किती जणांनी त्या गाडीच्या डब्यांत बसलेली माणसे मोजली? दारावर वारली तोरण लावणाऱ्या आपल्या घरांनी इनुइटांच्या बाबतीत तीच चूक दुसऱ्यांदा करू नये, एवढेच मला म्हणायचे आहे. तुलना इथेच थांबवते. दोन्हींचे इतिहास वेगळे आहेत, आणि एकाच्या आधाराने दुसरा समजला असे मानणेही धोक्याचे असते.

आता प्रत्यक्ष कामाच्या काही गोष्टी. परिपत्रकातील ‘एस्किमो’ हा शब्द काढावा; तो त्यांनी स्वतःला दिलेला नाही, आणि कॅनडात तो आता अवमानकारक मानला जातो. ‘इनुइट’ या शब्दाचा अर्थच ‘माणसे’ असा आहे, एक माणूस असेल तर ‘इनुक’. सन्मानचिन्ह म्हणून जो ‘दगडी माणूस’ ठरवला आहे, त्याला दुकानात इनुकशुक म्हणतात, पण हात-पाय-डोके असलेली ती आकृती खरे तर ‘इनुन्ग्वाक’, म्हणजे माणसाची प्रतिमा. इनुकशुक म्हणजे माणसाच्या जागी उभे राहून काम करणारी दगडांची रास: वाट दाखवणारी, शिकारीची जागा सांगणारी, कॅरिबू हरणांना वळवणारी. गंमत अशी की मूर्ती घडवण्यासाठी त्यांच्या भाषेत जो शब्द वापरतात, ‘सनन्ग्वाक’, त्यातही शेवटी तोच ‘न्ग्वाक’ आहे, करणे आणि प्रतिमा यांचा जोड. पाहुण्यांना हे दोन शब्द नीट समजावून सांगितले, तरी शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात दोन मिनिटे कारणी लागतील.

कोषाध्यक्षांनी ज्या दुकानाचे दरपत्रक जोडले आहे, तिथल्या आकृत्या रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या आहेत आणि त्यांवर कोणाचेही नाव नाही. पंधरा पाहुण्यांना पंधरा रेझिनची माणसे देण्याऐवजी, तेवढ्याच पैशात प्रमुख पाहुण्यांसाठी एक बिल्ल्याची, सहीची छोटी मूर्ती घ्यावी आणि इतरांना किंगाइटच्या चित्रांची छापील कार्डे द्यावीत, असे मी सुचवते. कार्ड असो वा मूर्ती, सोबतच्या चिठ्ठीवर कलाकाराचे नाव, गाव आणि वर्ष मराठीत लिहावे. हे काम मी करायला तयार आहे. उच्चार विचारून घेईन.

प्रदर्शनातली टीव्हीची, स्नोमोबाइलची आणि विमानाची चित्रे परत लावावीत, आणि शक्य तर दारासमोरच लावावीत. पाहुण्यांना वेळ असेल तर टोरोंटोच्या मध्यवर्ती भागातल्या एका बँकेच्या इमारतीत इनुइट शिल्पांचे विनाशुल्क दालन आहे, तिथे नेता येईल. ओकव्हिलमध्ये राहणाऱ्यांना तर केनोजुआक यांनी रेखाटलेली रंगीत काचेची खिडकी घराजवळच आहे. तिथल्या एका शाळेच्या प्रार्थनामंदिरात ती २००४ मध्ये बसवली गेली. तिच्यात घुबड आहे आणि ध्रुवीय मासा आहे, आणि सकाळच्या उन्हात ते दोघेही जमिनीवर उतरतात.

परिपत्रकातले ते वाक्य बदलून काय लिहावे, असे समिती विचारील. माझी सूचना अशी: ‘गेल्या पाऊणशे वर्षांत उत्तरेतल्या माणसांनी आपल्या बदलत्या आयुष्याबद्दल दगडात, कागदावर आणि पडद्यावर जे सांगितले, त्यातले काही.’ हे जरा लांब आहे, पण आपल्या परिपत्रकांची लांबी पाहता खपून जाईल.

संमेलनाच्या सकाळी मांडणीला मी लवकर येईन. येताना वॉलरस घेऊन येते. त्याच्यासाठी टेबलावर एक लहान आरसा तेवढा आडवा ठेवा, म्हणजे पोटाखालचे नाव लोकांना दिसेल.

आपली,
मंडळाची एक जुनी सभासद